ढोलकी वगळून

"थांबा, पुन्हा एकदा घेऊ," काचेपलीकडून नागसेन म्हणाला आणि करिष्मानं गिटारच्या तारांवर तळहात ठेवला.

जितेंद्रचा हात पुन्हा मागे पडला होता. दुसऱ्या अंतऱ्यात, समेवर येता येता, केसभर उशीर. इतर कोणाला कळलंही नसतं. पण नागसेन दिवसभर कान टवकारून रेकॉर्डिंग करणारा माणूस, आणि करिष्मा तर या हातावर विसंबूनच गायला शिकलेली.

"सॉरी गा," ढोलकीची दोरी आवळत जितेंद्र म्हणाला. "काय होऊन राहिलं, मलेच समजत नाही. चहा सांगून येतो."

नागसेनचा स्टुडिओ म्हणजे जरीपटका भागात कापडाच्या दुकानावरची एक खोली. बाजाराचा गलका आत येऊ नये म्हणून भिंतींना गाद्या ठोकलेल्या. जितेंद्र जिना उतरला तसा नागसेन बाहेर आला.

"ताई, राग मानू नका. दादाचा हात पहिल्यासारखा नाही राहिला. असं बाहेर गेलं तर लोक तुमची गाणी नाही, त्याच्या चुका ऐकतील."

"हळू बोल ना," ती म्हणाली. तिला ते पोळ्यापासूनच दिसत होतं. फक्त कोणी बोलून दाखवलं नव्हतं.

नवराबायकोची ही जोडी कोराडीच्या कॉलनीतल्या गणपतीत जमलेली. गाणी तिची, ठेका त्याचा. वीज केंद्रात तो शिफ्टमधला एक माणूस होता, ढोलकी मांडीवर आली की कोणीतरी व्हायचा. ती काढून घेतली तर त्याच्याकडे उरणार काय?

होळीनंतर पुण्याच्या एका कंपनीचा फोन आला होता. त्यांना अल्बम हवा होता, पण फक्त तिचा आवाज आणि गिटार. बाकी काही नको, कोणी नको. गॅलरीत उभी राहून तिनं ठणकावून सांगितलं होतं, "आम्ही दोघं आहोत. मी एकटी गात नाही." जितेंद्र गॅलरीला लागूनच असलेल्या खोलीत नाइट करून झोपला होता. उठल्यावर तिनं त्याला काही सांगितलं नाही. उगाच त्याच्या जिवाला लागलं असतं. त्यापेक्षा पदरचे पैसे घालून आपणच अल्बम काढू, असं तिनं ठरवलं.

आता वेळ अशी आली होती की दोघांचा अल्बम काढला तर त्याचंच हसं होणार होतं. तिनं पुण्याला फोन लावला. ते अजून तयार होते.

त्याला खरं सांगायची मात्र तिची छाती झाली नाही. जेवताना तिनं विषय काढला.

"जितू, हा अल्बम मी साधाच करून राहिली. एक आवाज, एक गिटार. आजकाल लोकायले तसंच आवडते म्हणे."

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "चांगलं होईन. तुहे शब्द तरी नीट ऐकू येतीन."

"तुले राग तर नाही ना आला?"

"राग काहून यीन वं? मी का कुठं पळून चाललो?" म्हणत त्यानं भरीत पुन्हा वाढून घेतलं.

सगळ्यात वाईट तिला त्याच्या रविवारांचं वाटायचं. उन्हाळा लागल्यापासून दर रविवारी तो ढोलकी घेऊन बसनं महाल भागात नत्थूजींकडे जायचा. लहानपणी त्यांनीच त्याला वाजवायला शिकवलं होतं. रियाजाला जातो म्हणायचा, दमून परत यायचा, आणि पोळ्यापासून तर हात आणखीच बिघडलेला असायचा. माणूस इतकं झटतो आणि देव एवढंही देत नाही, म्हणून ती चिडायची.

अल्बम आला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. कुठून कुठून अनोळखी बायका फोन करून फोनवरच रडायच्या. एकानं लिहिलं, ढोलकी नाही तेच बरं झालं. ते वाचून करिष्माला आपण चोरी केल्यासारखं वाटलं. जितेंद्र मात्र कँटीनमध्ये सगळ्यांना गाणी ऐकवत फिरत होता.

आणि त्यानं महालात जाणं बंद केलं. ढोलकी कपाटावर गेली. एक रविवार गेला, मग दुसरा. तेव्हा तिला राहवेना. संत्रा बर्फीचा डबा घेऊन ती एकटीच नत्थूजींकडे गेली.

नत्थूजी आपल्या दुकानात ढोलकीला चामड्याचं पान चढवत बसले होते. तिनं वाकून नमस्कार केला आणि बोलता बोलता रडूच लागली.

"काकाजी, जितूले बोलावून घ्या. त्यानं रियाज सोडला, माह्यामुळे. त्याचा हात चालत नव्हता म्हणून मी त्याले अल्बममधून काढलं, अन् त्याले खोटंच सांगितलं. त्याले हे कळू देऊ नका, पण त्याले पुन्हा बसवा."

नत्थूजींनी पान खाली ठेवलं.

"हात चालत नव्हता? कोणाचा?"

"जितूचा. तुमच्याकडे इतके महिने येऊन राहिला होता ना."

"येऊन राहिला होता ना. शिकणं झालं, म्हणून आता येत नाही." म्हातारा मनापासून हसला. "होळी झाल्यावर आला अन् म्हणे, काकाजी, ऐकणाऱ्याले खरं वाटलं पाहिजे असं चुकायले शिकवा. काहून, तर सांगेना. बाई, लहानपणी ताल त्याले एका हिवाळ्यात आला होता. बेताल व्हायले मात्र अख्खा उन्हाळा अन् पावसाळा लागला."