शेततळ्यातलं डुक्कर

केळझरच्या शिवारात हेमराज आणि त्याचा चुलतभाऊ बंडू यांचं सामाईक शेततळं होतं. तळाला प्लास्टिकची पन्नी अंथरलेली, दोघांच्याही गव्हाला पाणी तेवढंच. बोलणं मात्र कधीचं बंद.

एका सकाळी तळ्याच्या मधोमध मेलेलं रानडुक्कर फुगून तरंगताना दिसलं. ते बाहेर ओढा, वनखात्याला कळवा, पंचनाम्याला ताटकळत बसा, ही झंझट कोण करणार? बंडूच्या काठाला लागलं की निस्तरेल तोच, असं म्हणून हेमराज आपल्या काठावरून डुकरामागे धोंडे फेकू लागला. लाटा थेट बंडूच्या काठावर जाऊन आपटायच्या. डुक्कर आपलं जागच्या जागी वरखाली.

"अवो, लाट पुढं जाते, पाणी तिथंच राह्यते," शाळेत विज्ञान शिकवणारी त्याची बायको मंजुषा म्हणाली. "मंग डुक्कर कसं जाईन?"

"तू तुह्या पोट्ट्यायले शिकव, मले नको शिकवू!" हेमराज खेकसला. "तो पाह्य, तिकडून बंड्याही फेकून राह्यला. माह्याकडं ढकलते का डुक्कर? थांब, दाखवतो त्याले!"

आणि त्यानं आणखी मोठा, धारदार धोंडा उचलला. पलीकडे बंडूनंही उचलला. दोघंही दिवसभर हटले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत.



आठवडाभरात पन्नी फाटून तळं कोरडं पडलं; डुक्कर होतं तिथंच, बरोबर मधोमध, खाली टेकलं.