जिभेने ओळखलेला शब्द

“ॲसिड हा शब्द लॅटिनमधल्या ‘आसिदुस’वरून आला,” श्रुतिका हातातल्या कागदाकडे न बघता म्हणाली. “आसिदुस म्हणजे आंबट.”

तांदूळ निवडणाऱ्या जानकीचा हात ताटातच थांबला. दाराशी पेपर घेऊन बसलेल्या तिच्या नवऱ्याने, नंदूने, पान उलटलं नाही. असल्फ्याच्या टेकडीवरच्या त्या खोलीत हा शब्द कित्येक वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. गल्लीतला फिनाईलवालासुद्धा त्यांच्या दारापाशी नुसतं ‘फिनाईल’ एवढंच ओरडायचा आणि पुढचा शब्द गिळून टाकायचा.

शाळेत शीतल टीचरनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. विज्ञानातला जो शब्द निघेल, त्याची जन्मकथा वर्गाला सांगायची. श्रुतिकाला नेमका हा आला. नशीब एखाद्याच्या मागे हात धुऊन लागतं, ते असं. शब्द बदलून द्या म्हणून जानकीने शाळेत जाऊन टीचरच्या हातापाया पडून बघितलं. टीचर बिचाऱ्या लगेच तयार झाल्या. अडून बसली ती पोरगीच.

“दादा ज्याने गेला त्याचं नावपण नाही घ्यायचं, हे कधीपर्यंत चालणार गं आई?” ती म्हणाली होती. “मला हाच शब्द पाहिजे.”

दादा म्हणजे निलेश. सात वर्षांचा असताना गेला. मोरी घासायला जानकी सुटं ॲसिड आणायची, घरातलीच रिकामी बाटली नेऊन, कारण ते स्वस्त पडायचं. सगळी चाळ तेच करायची. त्या खेपेला हाताशी लिंबू सरबताची बाटली आली. आणल्यावर तिने ती मोरीवरच्या उंच फळीवर ठेवली आणि दळण आणायला गेली. परत आली तेव्हा निलेश जमिनीवर तडफडत होता. चार वर्षांची श्रुतिका भातुकलीचा कप धरून भिंतीला चिकटली होती. रात्रपाळी करून आलेला नंदू खाटेवर मेल्यासारखा पडला होता, तो जानकीच्या किंकाळीने उठला.

जानकीला जे समजायचं ते समजलं. निलेश शहाणा, नको म्हटलेल्या वस्तूला हात लावायचा नाही. श्रुतिका मात्र नुसती माकड, स्टूल ओढून कुठेही चढायची. तिनेच बाटली काढली, तिनेच भावाला पाहुणा करून सरबत वाढलं. हे ओझं लेकराच्या डोक्यावर जन्मभर नको, म्हणून जानकीने पोलिसांपासून सासूपर्यंत सगळ्यांना एकच सांगितलं, की बाटली मीच ओट्यावर विसरले. श्रुतिकाला सांगितलं, तू तेव्हा झोपली होतीस.

चाळीने तिला नावं ठेवली. सासूने मरेपर्यंत अबोला धरला. नंदू एकही वाईट शब्द बोलला नाही, पण त्या दिवसापासून त्याने तिच्या डोळ्याला डोळा दिला नाही. तिच्या हातचं पाणीही तो घेत नसे, उठून स्वतः ओतून घ्यायचा. तिला ते सगळ्यात जास्त लागायचं. दुपारी घरात एकटी असली की मोरीकडून कप वाजल्याचा आवाज यायचा. ती वळून बघत नसे. निलेश दिसेल याची भीती वाटायची, आणि दिसणार नाही याचीही.

“आपलं ‘आम्ल’सुद्धा तेच,” श्रुतिका पुढे बोलत होती. “आंबट हा शब्द त्यातूनच आला. फारसीत तेजाब म्हणतात, म्हणजे तीक्ष्ण पाणी. पण नाव पडायच्या आधी माणसांनी ते जिभेने ओळखलं. कुणीतरी पहिल्यांदा चाखलं असेल आणि दुसऱ्याला सांगितलं असेल, की हे...”

ती थांबली.

“काय गं? विसरलीस?” जानकीने विचारलं.

“‘आंबट आहे, तू नको पिऊ,’” श्रुतिका हळूच म्हणाली. “दादा असं म्हणालेला. माझ्या कपातलं त्याने ओतून टाकलं.”

जानकी ताट सारून उठली. “काहीतरी बोलू नकोस. तू झोपली होतीस.”

“नव्हते झोपले. आम्ही भातुकली खेळत होतो ना. मला खरंखुरं सरबत पाहिजे होतं. मी रडत होते.”

“पुरे!” जानकी ओरडली. तिने लेकीच्या तोंडावर हात ठेवला. पुढचं वाक्य तोंडातून निघालं की पोर कायमची मोडणार, एवढंच तिला दिसत होतं. इतकी वर्षं जे पोटात ठेवलं ते असं एका शाळेच्या भाषणात वाया जाणार होतं.

श्रुतिकाने तो हात बाजूला केला. ती दाराकडे बघत होती.

“मी रडले म्हणून पप्पा उठले,” ती म्हणाली. “वरच्या फळीवरून त्यांनी बाटली काढली आणि दादाच्या हातात दिली. मग परत जाऊन झोपले. पप्पा, तुम्ही झोपेतच होतात ना?”

नंदूने होकारार्थी मान हलवली. पेपर त्याच्या पायाशी पडला होता.

जानकीला क्षणभर काही कळेचना. मग कळलं, आणि ती नंदूकडे वळली.

“तुमी?” ती कशीबशी म्हणाली. “तुमी दिलात?”

नंदू तिच्याकडे बघतच राहिला. तिच्यापेक्षा तोच जास्त हादरला होता.

“म्हणजे तुका म्हायत नव्हता?” तो म्हणाला. “जानके, इतकी वर्षां माका वाटलेला, तू आळ माझ्यासाठी घेतलंस.”