तीन गडवे पेज
सहाव्या महिन्याचं वजन एकशे अठरा किलो, पहिल्या महिन्याचंही तेवढंच. सत्यभामा काट्यावर उभी होती आणि आहारतज्ज्ञ पोरगी तिची वही चाळत होती. रोज एकच ओळ, ‘भात बंद’. सहा महिने पथ्य पाळून वजन उतरलं, तरच विमा कंपनी पोटाचं ऑपरेशन मंजूर करणार होती. “काकू, खरं सांगा, काय खाता?” “भाताचं शीत नाही तोंडात घातलं, बाई. फक्त पेज गाळून पेतो, तीन गडवे. पाणीच त आहे ते!” “पेज म्हणजे भातच, काकू. आता पुन्हा पहिल्यापासून सहा महिने.” “दोन महिन्यांत बंटीच्या बाबाची नोकरी संपते, अन् तिच्यासंगं विमाबी!” तिने बांगड्या काढल्या, कानातलं काढलं, मंगळसूत्रही टेबलावर ठेवलं. आकडा तेवढाच. “उतरा आता.” उतरली की पोरगी तोच आकडा लिहिणार, सत्यभामा काट्यावरून उतरलीच नाही.