डेन्व्हरचं हवामान

"गाडी झाडाखाली लावू नकोस," शेषगिरी फोनवर सांगत होते. "कुठे वायर लोंबत असेल तर लांबून जा. आणि अंडरपासातून तर अजिबात जाऊ नकोस, पाणी भरतं."

"सरी अण्णा," पलीकडून संपदाने कानडीत होकार दिला.

दारात उभ्या असलेल्या शिवलीलाबाईंनी पदर तोंडाला लावून हसू दाबलं. बाई मूळच्या बेळगावच्या. जे. पी. नगरच्या या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायच्या. संध्याकाळी ताकाचा तांब्या घेऊन खाली यायच्या, तेव्हा बापलेकीचं बोलणं त्यांच्या कानावर आयतंच पडायचं.

शेषगिरींच्या मोबाइलवर हवामान दिसायचं ते डेन्व्हरचं. लग्न होऊन तिकडे जाताना संपदानेच ते लावून दिलं होतं. पत्नी विमलाबाई गेल्या, घरात आवाज करणारा एक कुकर तेवढा राहिला, आणि सकाळी उठून डेन्व्हरचं हवामान वाचणं हा शेषगिरींचा नित्यनेम झाला. लोक स्तोत्रं म्हणतात, हे वाऱ्याचा वेग म्हणायचे.

आज पडद्यावर लाल पट्टी होती. पर्वतात हिमवादळ, मैदानात सोसाट्याचा कोरडा वारा आणि वणव्याचा इशारा. एकाच दिवशी वर बर्फ आणि खाली आग.

"इशारा वाचलास ना?" त्यांनी विचारलं.

"वाचला. मैदानी भागात सोसाट्याचा कोरडा वारा, वणव्याचा धोका. इथे सुटलाय वारा. खिडक्या लावून घेतल्यात."

पोरगी हवामान सांगायची ते असं, मोबाइलमधल्या शब्दांत, कानामात्रेचा फरक न करता. बापाच्या वळणावर गेलीय, असं शिवलीलाबाई कौतुकाने म्हणायच्या. जितेंद्र कसा आहे असं विचारलं की मात्र संपदाला नेमका दुसरा फोन यायचा. नोकरीचं विचारलं की मीटिंग लागायची. व्हिडिओ लाव म्हटलं की नेट कच खायचं. शेषगिरी काही दूधखुळे नव्हते. जावयाशी बिनसलंय एवढं त्यांना उमगलं होतं, आणि विचारायला गेलं की पोरगी फोन ठेवते हेही. म्हणून त्यांनी विचारणं सोडलं. दोघांमध्ये बोलायला हवामान तेवढं उरलं.

"आता कुठे निघालीस?"

"ऑफिसला. उजाडलंय इथे."

"निघू नकोस. आहेस तिथेच तासभर थांब. वारा पडला की नीघ."



"बरं. थांबते."

"नक्की?"

"थांबते म्हटलं ना अण्णा. तुम्ही वेळेवर जेवा."

फोन ठेवून शेषगिरी गॅलरीत आले. दिवसभर नुसती काहिली झाली होती. आता पूर्वेकडचं आभाळ काळंकुट्ट झालं होतं आणि रस्त्यावरची धूळ गोल फिरत होती.

"काका, एक विचारू?" ताकाचा तांब्या टेबलावर ठेवत शिवलीलाबाई म्हणाल्या. "तिकडं आगीची भीती, आणि तुम्ही पाण्याचं काय सांगताय? अमेरिकेत अंडरपास तुंबतो होय?"

"पाणी तिकडेही उताराकडेच जातं."

"पण इथनं उंटावरून शेळ्या हाकून काय होणार? पोरगी शिकलेली आहे. तिचं तिला कळतं."

"शिकलेल्यांच्या डोक्यावर झाड पडत नाही, असं आहे का?"

तेवढ्यात गार वाऱ्याचा झोत आला आणि गच्चीवरचे कपडे आठवून त्या वर पळाल्या.

वळीव आला तो गारा घेऊनच. पत्र्यांवर ताशा वाजायला लागला. दिवे गेले. कोपऱ्यावरच्या गुलमोहराची फांदी कडाडून रस्त्यावर पडली आणि एक रिक्षा तिच्याखाली सापडता सापडता वाचली. शेषगिरींनी ते गॅलरीतून पाहिलं.

मेणबत्ती लावून ते ताटावर बसले, पण घास उतरेना. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते खोटं नाही. त्यांना भीती वाटत होती, अगदी लहान मुलासारखी. आपलं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं आणि ते सुखरूप आहे की नाही, एवढंसुद्धा कळत नव्हतं. संपदाला पुन्हा फोन करावा, तर एका दिवसात दुसरा फोन गेला की तिचा आवाज सावध व्हायचा.

गारा थांबल्या. पाऊस सुरूच होता. ताट तसंच सारून शेषगिरी उठले आणि त्यांनी दुसराच एक नंबर लावला, याच शहराच्या दुसऱ्या टोकाचा. बऱ्याच वेळाने तो उचलला गेला.

"शिवाप्पा, मी शेषगिरी," ते कानडीत म्हणाले. "महादेवपुऱ्यात काय अवस्था आहे?"

"अवघडच आहे सर. आमच्या बिल्डिंगसमोरचं झाड आडवं झालंय. करंट नाही. मी गेटवरच आहे."

"चौथ्या मजल्यावरच्या संपदा मॅडम ऑफिसातून आल्या का?"

"आत्ताच आल्या सर. पाऊस जरा ओसरेपर्यंत ऑफिसातच थांबल्या होत्या. एकट्याच आल्या, रोजच्यासारख्या."

शेषगिरी भिंतीला टेकले.

"बरं झालं," ते म्हणाले. "मी विचारत होतो हे तिला कळू देऊ नकोस हं, शिवाप्पा. नेहमीसारखंच."

वॉचमन जरा घुटमळला.

"सर, वर जाताना मॅडमच सांगून गेल्या. म्हणाल्या, आता अण्णांचा फोन येईल, त्यांना सांग, मी पोचले."