एक त्रस्त रहिवासी

दार उघडायच्या आधीच निरीक्षकांनी नाकावर रुमाल धरला होता. सफाई खात्यातल्या बावीस वर्षांत कचऱ्याने भरलेली घरं त्यांनी काही कमी पाहिली नव्हती.

"या साहेब," मावशी म्हणाल्या. "चपला राहू द्या पायात. खाली काच असते कधीकधी."

निरीक्षकांनी खिशातून कागद काढला. ऑफिसच्या तक्रारपेटीत सापडलेला, टाइप केलेला. या बाई कोपऱ्यावरच्या ढिगातून कचरा उचलून घरात साठवतात, पुढची खोली गच्च भरली आहे, तातडीने पाहणी करावी. पाहणीस शक्यतो दुपारी चारनंतर यावे. खाली नाव नव्हतं. नुसतं 'एक त्रस्त रहिवासी'.

"तुमच्याविरुद्ध तक्रार आहे, मावशी."

"असेल हो. आत या, काय ते डोळ्यांनी बघा."

आत कसलाच वास नव्हता. खिडकीतून तिरकं ऊन आलं होतं आणि समोरची अख्खी भिंत झळाळत होती. भिंतीवर नदी होती. औषधाच्या बाटल्यांच्या काचांचं पाणी, झाकणांच्या खवल्यांचे मासे, जुन्या टूथब्रशांचं गवत. तुटक्या कंगव्यांचे पंख पसरून एक बगळा काठावर उतरत होता. समोर एक खुर्ची मांडलेली होती. निरीक्षक कधी बसले ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"कधीपासून चाललंय हे?"

"सहा वर्षं झाली. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली मी. दुकान बंद केलं, पण हात गप्प बसेनात. रोज सकाळी ढिगातून लागेल ते उचलते, धुते, लावते."

"कुणी बघितलंय का?"

"बोलावते की. येतो म्हणतात." मावशी हसल्या. "तुम्ही चहा घेणार ना?"

चहा पिऊन निरीक्षक ऑफिसात परतले आणि लिहून टाकलं, 'उपद्रव आढळला नाही.' त्यांच्या लेखी प्रकरण मिटलं होतं.

आठव्या दिवशी पेटीत दुसरा कागद आला. 'निरीक्षकांनी डोळेझाक केली आहे. वरिष्ठांनी जातीने यावे.'

मोठ्या बाई, म्हणजे निरीक्षकांच्या वरिष्ठ, कडक होत्या. "कुणाला पाठीशी घालताय तुम्ही?" त्यांनी विचारलं. "तक्रार आली म्हणजे उत्तर द्यावंच लागणार. उद्या मी येते. गाडी आणि दोन माणसं घेऊन. तुमचा अहवाल खोटा निघाला, तर खोलीही रिकामी होईल आणि तुमची खुर्चीही."

निरीक्षकांना नोकरीची धास्ती होतीच, पण डोळ्यांसमोरून तो बगळा हलत नव्हता. गाडीवरची माणसं फावडं लावणार, काचा पोत्यात भरणार. हा कोण त्रस्त माणूस हात धुऊन म्हाताऱ्या बाईच्या मागे लागलाय?

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला गाडी दारात उभी राहिली. फावडी घेऊन आधी आत गेलेली दोन माणसं तिथेच थबकली.

"अहो, हे तर आपण रोज फेकतो ते!" एकजण म्हणाला आणि त्याने फावडं दाराबाहेर नेऊन ठेवलं.

मोठ्या बाई खुर्चीत बसल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी नदी न्याहाळली. मग म्हणाल्या, "हे घरात ठेवता येणार नाही."

निरीक्षक पुढे होऊन बगळ्याच्या आड उभे राहिले.

"बाहेर काढा. कोपऱ्यावरच्या भिंतीवर लावा. सिमेंट आपण देऊ."

कोपऱ्यावर 'येथे कचरा टाकू नये' अशी पाटी होती. ढीग वाढत वाढत पाटीच्या गळ्यापर्यंत आला होता. तो उपसला आणि मावशींनी भिंतीवर नदीचा पहिला तुकडा बसवला. तोच तिसरा कागद. 'रहिवाशांना कुणी विचारले? घरोघरी जाऊन प्रत्येकाचे म्हणणे घ्यावे.'

दातओठ खात निरीक्षक चाळीस घरं फिरले. आता त्या माणसाला पकडायचंच, असा त्यांनी चंग बांधला होता. पण जो तो कानावर हात ठेवी.

"आम्ही कशाला तक्रार करू? चांगलंच काम करतायत त्या!" असं म्हणणाऱ्याला ते काम एकदा जाऊन बघावं लागे. बघून आलेल्याला रिकाम्या हाताने पुन्हा जायची लाज वाटे. वरच्या मजल्यावरचा कायम वसवस करणारा शिंपी आपल्यावरचा संशय फिटावा म्हणून बटणांचा डबा घेऊन गेला आणि संध्याकाळपर्यंत माशांचे डोळे लावत बसला. हळूहळू धुतलेल्या बाटल्या, फुटक्या बशा, मोडकी खेळणी मावशींच्या दारात रांगेने जमू लागली. नदीच्या पायथ्याशी पिशवी भिरकावायला कुणाचा हात धजेना. ओला कचरा लोक गाडीत देऊ लागले. तीन महिन्यांत, रोज दोन खेपा करणारी गाडी एकाच खेपेवर आली, आणि तीही अर्धीच भरू लागली.

शेवटची काच बसली त्या दिवशी गल्ली कोपऱ्यावर लोटली होती. गर्दी पांगल्यावर निरीक्षक मावशींशेजारी पायरीवर टेकले.

"बावीस वर्षं दंड करून जमलं नाही ते तुम्ही केलंत, मावशी. एकच राहून गेलं बघा. तो त्रस्त रहिवासी काही सापडला नाही. नाहीतर असा फैलावर घेतला असता!"

मावशी बोटांना चिकटलेलं सिमेंट खरवडत होत्या.

"पलीकडच्या गल्लीतही एक भिंत मोकळी आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "तिची तक्रार या खेपेला तुमच्याच हातात देऊ, की पहिल्यासारखी पेटीत टाकू?"