बंबाचा फ्यूज

चिनी मातीचा तो पांढरा फ्यूज सकाळपासून बाळंतिणीच्या मुठीत होता आणि आता मोठे डॉक्टर तो मागायला स्वतः खाटेपाशी आले होते. मागे दारात एक उंच परदेशी पाहुणी बूट हातात घेऊन उभी होती. बाळांच्या खोलीत बूट चालत नाहीत, हे तिला कुणीतरी खुणेनं सांगितलं असावं.

फ्यूज बंबाचा होता. बंब म्हणजे आवारातल्या शेडमधलं यंत्र. वापरलेल्या सुया, नळ्या, रक्ताळलेल्या पट्ट्या वाफेवर उकडून निर्धोक करणारं. पाहुणीच्या देशानं ते मदत म्हणून दवाखान्याला दिलं, पण ते ओढणार किती वीज, हे विचारायचं दोन्हीकडून राहून गेलं. बंब पेटला की इथला, काविळीच्या बाळांना उजेड देणारा निळा दिवा मान टाकायचा. शेवटी बंब चालवणाऱ्या मामांनी, म्हणजे सगळ्यांच्या बंबमामांनी, आपली एक रीत पाडली. दिव्याखाली बाळ असलं की फ्यूज काढायचा आणि त्या बाळाच्या आईकडे द्यायचा. तिनं परत दिला तरच बंब पेटणार.

तिची लेक परवाच जन्मलेली, काविळीनं पिवळीधमक. डोळ्यांवर पट्टी, अंगभर निळा उजेड, आणि झोप अशी की तळव्यांना टिचक्या मारून उठवावं तर दोन घोट घेऊन पुन्हा गुडूप. काविळीपेक्षा तिला त्या शांतपणाची जास्त धास्ती होती. पोर अजून भुकेनं एकदाही रडली नव्हती.

डॉक्टरांनी नीट समजावलं. पाहुणी बंब चालताना बघायला आली आहे. तिचं समाधान झालं तर बंबासाठी वेगळी वीज मिळेल आणि हा फ्यूजचा खेळच संपेल. दिवा थोडा वेळ विझला म्हणून बाळाचं काही बिघडत नाही. शिवाय वापरलेल्या सुया-पट्ट्यांच्या पिशव्यांचा शेडमध्ये ढीग लागलाय, झाडणाऱ्या मावशींना सुई टोचली तर काय घ्या. यातलं काहीच खोटं नव्हतं. तेच तर अवघड होतं.

सासूबाईंनी तिला कोपरानं हळूच ढोसलं. "अगं, एवढी मोठी माणसं दारात उभी आहेत. दे की."

तिनं खिडकीकडे पाहिलं. बाहेर बंबमामा जाडजूड हातमोजे काखेत धरून उभे होते आणि मुद्दाम आभाळाकडे बघत होते, जणू या सगळ्याशी त्यांचा काही संबंधच नाही.

"पाजायला बाहेर घेते तेव्हा दिवा बंदच असतो," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला अनोळखी वाटला. "तेव्हा घ्या."

"मग आत्ताच घ्या ना बाहेर."

"मघाशीच उठवून पाहिलं, डॉक्टर. उठवली तर पीतच नाही. तिची तिला भूक लागू दे."

डॉक्टरांनी कपाळ चोळलं. एवढ्या लांबून आलेल्या बाईला हे सांगायचं तरी कसं? पण सांगितलं. पाहुणीनं ऐकून घेतलं, पेटीच्या काचेतून वाकून बाळाकडे पाहिलं आणि भिंतीला टेकून सरळ फरशीवर बसली. सासूबाईंचा जीव खालीवर झाला. त्यांनी स्वतःच्या बुडाखालचं स्टूल तिच्यापुढे सरकवलं, तिनं ते हसून परत सरकवलं, आणि ते स्टूल मग तसंच मध्ये रिकामं राहिलं.

एक एवढंसं पोट रिकामं होण्याची सगळे वाट बघत होते.

"बापावर गेलीय," सासूबाई शेवटी पुटपुटल्या. "घर अंगावर कोसळलं तरी उठायची नाही."

डॉक्टर खुदकन हसले आणि त्यांचं बोलणं पाहुणीला समजावून देऊ लागले. तेवढ्यात दिव्याखाली काहीतरी हललं. आधी ओठांचा चंबू झाला. मग गुडघे पोटाशी आले, चेहरा आक्रसला, आणि त्या मुठीएवढ्या छातीतून असा खणखणीत टाहो फुटला की पाहुणी ताडकन उठून उभी राहिली.

आईनं मुठीतलं जे काय होतं ते समोर दिसेल त्या हातात कोंबलं आणि लेकीला उचललं. डोळ्यांवरची पट्टी सोडवायचीही पोरीनं वाट पाहिली नाही. अशी काही चिकटली की कळ थेट पाठीपर्यंत गेली. तिनं दात ओठावर रोवले, मग मोजायला लागली. एक घोट, दोन, चार, सात. पुढे मोजणं राहून गेलं.

शेडमध्ये बंब घरघरू लागला. निळा दिवा कधी विझला, तिला कळलंच नाही.