पेटीला कान नसतात

"स्पीकर काढलास आन् त्याच्या जागी काय लावलं न्हाईस, तर माझा अँप्लिफायर जळंल," कारभारी म्हणाला.

"म्हणून तर ही पेटी केली, शेठ," जालिंदर म्हणाला.

बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात त्याने जाड तारेचं वेटोळं बसवलं होतं. त्याची इलेक्ट्रिक गिटार अँप्लिफायरला जोडलेली होती. स्पीकरऐवजी अँप्लिफायरची सगळी ताकद त्या तारेत जायची आणि तार तापायची. तिथूनच काढलेली एक बारीक वायर थेट टेपरेकॉर्डरला जोडलेली होती. मध्ये माईक नव्हता.

पारनेरच्या एस.टी. स्टँडसमोर कारभारीचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. पंधरा वर्षं त्याची एकच रीत होती. स्पीकरपुढे वीतभर अंतरावर माईक ठेवायचा आणि टेप सुरू करायची. सकाळपासून तसं दोनदा करून झालं होतं. पहिल्यांदा एस.टी.चा हॉर्न टेपमध्ये शिरला, दुसऱ्यांदा शेळी. आणि टेप उद्या सकाळच्या गाडीने पुण्याला निघायला हवी होती. तिथल्या एका ऑर्केस्ट्राला गिटार वाजवणारा हवा होता. वायरमनचं शिकूनही जालिंदर दुष्काळी कामावर खडी फोडत होता. त्या खडीने बोटं कायमची जाण्याआधी त्याला सुटायचं होतं.

"माईकबिगर आवाजाला अंग येत न्हाई," कारभारी म्हणाला. "मुक्या पेटीतनं काय येनार?"

"शेळी तरी येनार न्हाई, दाजी," त्याचा मेहुणा पुंजाराम म्हणाला.

दाराशी बसलेली जालिंदरची आई, भिमाबाई, पदराआड हसली. ते हसू कारभारीला लागलं.

त्याने हेडफोन कानांवर चढवला आणि टेप सुरू केली. जालिंदरने तार छेडली. आवाज धुतल्या काचेसारखा स्वच्छ आला. गिटार कानांत इतकी भरली की दुकान, रस्ता, स्टँड सगळं तिच्यात बुडून गेलं. पोरगं म्हणत होतं ते खरं होतं, आणि नेमकं तेच कारभारीला सोसेना. तो शेजारच्या पुंजारामकडे वाकला आणि दातांतल्या दातांत पुटपुटला,

"हलगी बडवनाऱ्याचं पोरगं! गिटार दिली तरी हात हलगीचाच."

पुंजारामने त्याच्या पायावर पाय दाबला. हसू दाबत असेल, असं कारभारीला वाटलं. त्याच वेळी गिटारीचा एक सूर वाजायचाच सुटला. मग वाजवणं पुढे गेलं, शेवटपर्यंत, कुठे न अडखळता.

कारभारीने हेडफोन उतरवला.

"मधी एक सूर गेला. परत घ्यायचं का?"

"राहू द्या, शेठ." जालिंदर खाली बघून वायर गुंडाळत होता. "आता हात दमला."

रीळ डब्यात घालून संध्याकाळी आणून देतो, असं कारभारीने सांगितलं. माय-लेक उन्हातून निघून गेले.

त्यांची पाठ फिरली आणि कारभारीला आपले शब्द पुन्हा ऐकू आले. धर्म बदलला त्या वर्षी जालिंदरच्या बापाने हलगी चावडीपुढे आणून ठेवली होती. "आता ही वाजनार न्हाई," एवढंच तो म्हणाला. पुढे गावाने त्याचं धान्य बंद केलं, तरी मरेपर्यंत त्याने तिला हात लावला नाही. ते कारभारीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्याने टेप मागे नेली आणि श्वास रोखून ऐकली. मग पुन्हा एकदा ऐकली. त्याचा एक शब्दही तिच्यात नव्हता. सुटलेल्या सुराच्या जागी नुसती शांतता होती. पेटीला कान नसतात. माईक असता तर ते वाक्य पुण्यापर्यंत गेलं असतं.

"दाजी, मघाशी तुमी..." पुंजारामने सुरुवात केली.

"गप. ते पुन्हा तोंडातनं काढू नगंस."

"न्हाई, पन तुमाला ठावं हाय का..."

"समदं ठावं हाय. माझी मलाच लाज वाटती. पुरे."

पुंजारामने हेडफोन उचलून खुंटीला लावला.

दिवस कलायच्या सुमाराला कारभारी जालिंदरच्या घरी गेला. इतक्या वर्षांत तो त्या उंबऱ्याच्या आत आला नव्हता. भिमाबाईने वाकळ अंथरली. टँकरमागे धावून भरलेल्या हंड्यातलं पाणी तिने तांब्या भरून त्याच्यापुढे ठेवलं. तो ते घटाघटा प्यायला. मग गुळाचा कोरा चहा आला, तोही प्यायला.

सांगून टाकावं, असं दोनदा त्याच्या मनात आलं. पण जे कुणी ऐकलंच नाही, ते आता आपणच जाऊन त्यांच्या कानात घालायचं? ती माफी कुणासाठी? त्यांच्यासाठी की आपल्यासाठी? त्याने शब्द गिळले आणि त्यांच्याऐवजी दुसरे, तेवढेच जड शब्द काढले.

"जालिंदर, तुझी पेटी लई झाक हाय. माझा माईक हरला."

"माईकचं काम माईकला, शेठ," जालिंदर म्हणाला. त्याने रिळाचा डबा दोन्ही हातांनी घेतला.

"तेवढा एक सूर सुटला नसता तर..."

जालिंदरने आईकडे पाहिलं. "चालंल," तो म्हणाला.

कारभारी उठला. बाहेर आल्यावर त्याला जरा मोकळं वाटलं. शरम होती, पण ती आता त्याची एकट्याची होती. ती जन्मभर सांभाळायची त्याची तयारी होती. भिमाबाई त्याला सडकेपर्यंत पोचवायला आली.

"दादा, येक सांगू? राग मानू नगा."

"सांगा की, मावशी." तिला मावशी म्हणायची त्याची ही पहिलीच वेळ होती.

"ते कानाला लावलं, की आपन किती मोठ्यांदा बोलतो ते मानसाला कळत न्हाई. आन् स्पीकर तर काढल्याला व्हता, खोली गप व्हती." तिने पदर सारखा केला. "फुडच्या बारीला जपा. समदीच पोरं काय आयकूनशान वाजवीत ऱ्हात न्हाईत."